काचा बंद, तरी गाडी थांबतेच

वडीगोद्रीतलं आमचं घर धुळे-सोलापूर महामार्गालगत. पुढं शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा. 2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळं जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या आणि भर दुपारी कुत्री दुभाजकाला टेकून झोपायला लागली.

चौकातली पोरं विचारायची, "काका, गाडीत एकटाच, काचा बंद. कोरोना काय टायरला चिकटतो?" प्रश्न खुळा नाही. एकट्याच्या गाडीतून रोग पसरत नाही. पण गाडी थांबते ना! पंपावर, पंक्चरच्या टपरीवर, मेहुण्याच्या ओट्यावर. धडकली तर रुग्णवाहिका अडते, दवाखान्यातली खाटही अडते. नाक्यावरचा हवालदार तर प्रत्येकाला काच खाली घ्यायला लावणार, म्हणजे धोका थेट त्याच्या तोंडाशी. हौसेच्या चकरेला माझा विरोध होता तो एवढ्यासाठी.

खटकतं ते वेगळंच. पुढच्याच महिन्यात, एप्रिलात, उद्योगपती वाधवान कुटुंबासह 23 जण खंडाळ्याहून महाबळेश्वरला गेले, तेही गृहखात्यातले वरिष्ठ अधिकारी अमिताभ गुप्ता यांच्या पत्रावर. पत्रात कारण कौटुंबिक निकडीचं! गुन्हा नोंदला गेला, गुप्तांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. इकडं लाखभर ऊसतोड मजूर कारखान्यांवरच्या कोप्यांत अडकलेले. त्यांना गावी जायची परवानगी 17 एप्रिलला निघाली. निकड कुणाची मोठी होती, सांगा.

जिल्हा ओलांडायला लागणाऱ्या ई-पासची अट त्या वर्षी 2 सप्टेंबरला उठली. तोवर मोसंबीचा टेम्पो बिनघोर जायचा, माल अत्यावश्यक म्हणून. त्यात ड्रायव्हरशेजारी बसलेला पाहुणा कुठल्या खात्यात धरायचा, यावर पारावर अजून भांडणं होतात.