जुन्या मोटारीच्या चाकाचा मूळ रंग

लोअर परळ म्हटले की जुन्या माणसांना गिरण्यांची धुराडी आठवतात. १९८२ च्या संपानंतर बहुतेक गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्या जागी आता काचेच्या उंच इमारती उभ्या आहेत. पण गिरणीच्या रंगखात्यातली एक विद्या त्या भागात मला अजून भेटली. ती म्हणजे रंगाला रंग मिळवण्याची विद्या. आणि भेटली ती कापडाच्या ठाणावर नव्हे, तर एका गॅरेजात, मोटारीच्या चाकावर.

मोटार होती १९३१ ची शेवर्ले, तारांच्या आऱ्यांच्या चाकांची. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ मध्ये जवळच शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता. सुटे भाग बोटीने यायचे आणि इथे गाडी जुळायची. या गाडीच्या मालकांची इच्छा एवढीच, की ती नवी असताना दिसे तशी दिसावी. पंचाईत अशी झाली, की आधीच्या एका कारागिराने चारही चाके घासून पार लोखंडापर्यंत उघडी केली होती. एकदा खरवडले की पुरावा गेला! वाचले होते फक्त पाचवे चाक, म्हणजे स्टेपनी. (हा शब्द आपलासा वाटतो खरा, पण तो आला वेल्समधल्या एका गावच्या स्टेपनी नावाच्या रस्त्यावरून. जादा चाक विकणारी कंपनी तिथे निघाली होती.)

स्टेपनीची आतली बाजू पुन्हा कधी रंगवलेली नव्हती. तिचा रंग मळकट विटकरी. मालक म्हणाले, "हाच लावा." रंगारी हसला. त्याचे वडील गिरणीत रंगखात्यात होते. मला म्हणाला, "मास्तर, हा चाकाचा रंग नाही, हे ऊन आहे." मग त्याने स्टेपनी आवळून धरणारी लोखंडी पट्टी सोडवली. तिच्याखाली दोन बोटे रुंद जागा निघाली, डाळिंबी लाल!

असे का होते? उन्हातले अतिनील किरण रंगद्रव्याचे कण हळूहळू मोडतात. लाल रंगांपैकी पुष्कळ लवकर विटतात. पांढरा आणि मलईचा रंग त्यावरच्या रोगणामुळे पिवळा पडतो. शिक्षकबंधूंनी वर्गात करून पाहावे : लाल घोटीव कागद खिडकीत उन्हात ठेवावा, अर्ध्या भागावर जाड पुस्तक. महिन्याभराने पुस्तक उचलावे. म्हणून मूळ रंग शोधायचा तो जिथे ऊन, चिखल आणि ब्रेकची धूळ पोचत नाही तिथे : हब-कॅपच्या खाली, पट्टीच्या मागे, टायरच्या काठाखाली.

दुसरी खूण थरांची. रंगाऱ्याने चाकाच्या बाहेरच्या बाजूला, रुपयाएवढ्या जागेत, बारीक पॉलिशपेपर पाण्यात भिजवून गोल गोल घासला. कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळे दिसू लागली. सर्वांत वर रुपेरी, मग लाल, मग तांबूस अस्तर, मध्ये लोखंड. इथे नवखा माणूस फसतो. सर्वांत खालचा थर तो मूळ, असे समजून तो अस्तराचा रंगच चाकाला देतो. मूळ रंग म्हणजे अस्तराच्या लगेच वरचा. आणि हो, कोरडे घासू नये बरे का! जुन्या रंगात शिसे असू शकते. ती धूळ श्वासातून पोटात जाते, आणि मुलांना तर फारच बाधते. ओले घासावे, तोंडाला धूळ अडवणारा चांगला मास्क असावा आणि मुलांना लांब ठेवावे.

आता रंग कालवायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग अंगणात नेला तर वेगळाच निघतो; कारण दोन रंग वेगवेगळ्या द्रव्यांनी बनलेले असले, तर एका उजेडात सारखे आणि दुसऱ्यात निराळे दिसू शकतात. गिरणीतले लोकही कापडाची शेड उत्तरेकडच्या उजेडात पाहत. आमच्या रंगाऱ्याने तेच केले. पत्र्याच्या तुकड्यांना आधी तेच अस्तर दिले, त्यावर नमुने मारले आणि रात्रभर वाळू दिले. ओला रंग आणि वाळलेला रंग एक नसतो. सकाळी दाराशी, सावलीत, प्रत्येक तुकडा पट्टीखालच्या जागेला लावून पाहिला. पहिले तीन नापास. चौथ्यात काळ्याचा थेंबभर फरक केला, तेव्हा कुठे जमले. कंपनीच्या छापील रंगपत्रावर भिस्त ठेवण्यात अर्थ नव्हता, कारण कागदही विटतोच.

एका गोष्टीवर मात्र तो मालकांशी भांडला. नट जिथे बसतात त्या जागीही त्यांना रंगाचा जाड थर हवा होता. रंगाऱ्याने साफ नाही म्हटले. रंग दाबला जाऊन झिजतो, नट सैल होतो आणि चाक निखळू शकते. तिथे त्याने रंग लागूच दिला नाही. आणि गाडी थोडी फिरवून आणल्यावर नट पुन्हा आवळले.

चार चाके डाळिंबी लाल झाली. स्टेपनीचीही बाहेरची बाजू रंगवली. आतल्या बाजूला मात्र त्याने हात लावला नाही. पट्टी पुन्हा तिच्या जागी बसवली आणि मालकांना सांगितले, "ही कधी रंगवू नका. पुढच्या रंगाऱ्याला लागेल."