जुन्या ट्रॉलीची रास्त किंमत कशी ठरवावी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाची ट्रॉली हे आता शेतीचे नित्याचे साधन झाले आहे. लोणी येथे १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला, त्या काळी ऊस वाहण्याचा भार मुख्यत्वे बैलगाडीवर होता. आज रबरी चाकांच्या गाड्या काही प्रमाणात टिकून असल्या, तरी दूर अंतराची वाहतूक ट्रॉलीकडे गेली आहे. उसाखेरीज शेणखत, कांदा, चारा, मुरूम व टंचाईच्या दिवसांत पाण्याच्या टाक्या यांसाठीही ट्रॉलीच लागते. नवी ट्रॉली बांधून घेण्याची ऐपत प्रत्येकास नसते. त्यामुळे लहान व मध्यम शेतकरी बहुधा जुनी ट्रॉली पाहतात.

जुन्या मालाचा भाव छापील नसतो. विकणारा मनास येईल तो आकडा सांगतो, घेणारा त्यातून काही कमी करावयास लावतो, आणि मध्यस्थ दोघांना कोठेतरी मध्यावर आणून सोडतो. घोडेगाव, काष्टी किंवा लोणी येथील जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा करण्याची रीत जुनी आहे. बैलाची पारख असणाऱ्या दोन जाणत्या माणसांत ती चालूनही जाते. परंतु ट्रॉलीचे दोष रंगाखाली व पत्र्याखाली दडलेले असतात. तेथे अंदाजाने केलेला सौदा पुढे महाग पडतो. ट्रॉलीची रास्त किंमत घासाघिशीने ठरत नाही. ती मोजमाप व दुरुस्तीचा लेखी हिशेब यांवरून काढता येते. हा हिशेब कसा करावा याचे विवेचन पुढे केले आहे.

किमतीच्या दोन सीमा

सौद्यास बसण्यापूर्वी दोन आकडे माहीत करून घ्यावेत. पहिला आकडा नव्या ट्रॉलीचा. तेवढ्याच मापाची व तेवढ्याच चाकांची नवी ट्रॉली आज किती रुपयांत मिळेल, हे जवळच्या दोन कारखानदारांकडून लेखी घ्यावे. जुन्या ट्रॉलीची किंमत याच्या फार खाली असली पाहिजे. दुसरा आकडा मोडीचा. ट्रॉली वजनकाट्यावर न्यावी, तिच्यातील लोखंडाचे वजन काढावे आणि त्यास मोडीच्या चालू भावाने गुणावे. याहून कमी किमतीस विकणारा ट्रॉली देणार नाही, आणि दिल्यास कागदपत्रांविषयी शंका घ्यावी.

रास्त किंमत या दोन सीमांच्या मध्ये कोठे पडते, हे ट्रॉलीच्या आजच्या अवस्थेवर अवलंबून असते. केवळ बांधणीच्या वर्षावरून निष्कर्ष काढू नये. दहा वर्षे शेणखत व चारा वाहिलेली ट्रॉली ही पाच हंगाम क्षमतेबाहेर ऊस भरून दोन दोनच्या जोडीने ओढलेल्या ट्रॉलीहून पुष्कळदा अधिक मजबूत निघते. म्हणून ट्रॉलीने आजवर कोणते काम केले, हा प्रश्न विकणाऱ्यास अगोदर विचारावा.

तपासणी

तपासणी दिवसाउजेडी व ट्रॉली रिकामी असताना करावी. सोबत मोजपट्टी, हातोडी, जॅक व जाणता वेल्डर किंवा मिस्त्री असावा.

सांगाडा : ट्रॉलीच्या तळाच्या सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरप्या कोपऱ्यापर्यंतची दोन्ही मापे सारखी भरली, तर सांगाडा काटकोनात आहे असे समजावे. मापांत ठळक फरक आढळल्यास ट्रॉली कधीतरी उलटली अथवा पिळली असण्याचा संभव असतो. नव्या रंगाखाली वेल्डिंगच्या जाड रेषा आहेत काय, हे खालून वाकून पाहावे. आडव्या तुळईवर जोडपट्ट्या ठोकलेल्या असतील, तर तेथे पूर्वी तडा गेला होता असे धरावे.

धुरा, पाटे व चाके : जॅकवर चाक उचलून ते दोन्ही हातांनी हलवून पाहावे. चाक डुगडुगत असेल, तर बेअरिंग झिजलेले आहे अथवा ते कसावयास हवे. स्प्रिंगच्या पाट्यांवर हातोडीने हलके ठोकावे. तुटलेल्या पाट्याचा आवाज बद्द येतो. टायर एकाच कडेने झिजला असल्यास धुरा वाकलेला असण्याची शक्यता असते. टायरच्या बाजूवर कोरलेले चार अंक वाचावेत. त्यांतील पहिले दोन अंक आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे असतात. उदाहरणार्थ, २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी चांगली दिसली, तरी जुनाट व भेगाळलेला टायर भरल्या ओझ्यास भरवशाचा नसतो.

दांडा व हूक : ट्रॅक्टरला जोडावयाच्या दांड्याचे भोक गोल आहे की झिजून लांबट झाले आहे, हे पाहावे. चारचाकी ट्रॉलीत पुढील धुऱ्यावरील फिरत्या चकतीत ढिलाई नसावी. या दोन ठिकाणचा दोष रस्त्यावर जिवावर बेततो.

उचल-यंत्रणा : ट्रॉली उलटी करून माल ओतण्याची सोय असल्यास ती ओझ्यासह उचलून काही वेळ तशीच ठेवावी. साटा आपोआप खाली येऊ लागला, तर जॅकची सिले अथवा तेलाची नळी गळते आहे. ही परीक्षा करताना कोणीही साट्याखाली जाऊ नये.

चाल : शेवटी ओझे भरून ट्रॉली दोन-तीन किलोमीटर चालवावी. थांबल्यावर चाकाच्या मध्यभागाजवळ हाताची मागची बाजू न्यावी. एखादेच चाक इतरांहून फार तापले असेल, तर बेअरिंग अथवा ब्रेक अडतो आहे. ब्रेक, मागील दिवे व चकाकणाऱ्या पट्ट्या यांची नोंद घ्यावी. अंधारात रस्त्याकडेला उभी असलेली दिवे नसलेली ट्रॉली मागून येणाऱ्यास दिसत नाही. म्हणून हा खर्च दुरुस्तीच्या यादीत अवश्य धरावा.

कागदपत्रे

मोटार वाहन कायदा, १९८८ यानुसार ट्रेलर, म्हणजेच आपण ज्यास ट्रॉली म्हणतो ते, वाहन समजले जाते. ट्रॅक्टरची नोंदणी असली म्हणजे ट्रॉलीचीही झाली, हा समज चुकीचा आहे. नोंदणी पुस्तकातील सांगाड्याचा क्रमांक प्रत्यक्ष लोखंडावर कोरलेल्या क्रमांकाशी अंकन् अंक ताडून पाहावा. पुस्तकातील मालक व समोर बसलेला विक्रेता एकच आहेत काय, हे तपासावे. मालक मयत असल्यास नाव प्रथम वारसांच्या नावे होणे आवश्यक आहे.

ट्रॉली बँकेच्या अथवा पतसंस्थेच्या कर्जावर घेतलेली असेल, तर पुस्तकात तसा बोजा नोंदलेला असतो. कर्ज फिटल्याचा दाखला व बोजा कमी करण्याचा नमुना ३५ विक्रेत्याकडून मिळाल्याखेरीज पूर्ण रक्कम देऊ नये. मालकी बदलण्यासाठी नमुना २९ व नमुना ३० भरून प्रादेशिक परिवहन कार्यालयात द्यावे लागतात. जिल्ह्यात अशी कार्यालये नगर व श्रीरामपूर येथे आहेत. राज्यातल्या राज्यात विक्री झाली असता विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरण कळवावे, असे कायद्याच्या कलम ५० मध्ये सांगितले आहे.

ही अट विकणाऱ्याच्याही हिताची आहे. नोंदणीत ज्याचे नाव, त्याच्यावर अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. म्हणून ट्रॉली दिली, पैसे घेतले, कागद नंतर पाहू, असे म्हणणारा विक्रेता स्वतःच्या डोक्यावर टांगती तलवार ठेवतो. ज्या ट्रॉलीची नोंदणीच झालेली नाही, ती रस्त्यावर वापरण्यासाठी स्वस्तातही घेऊ नये.

हिशेबाचा नमुना

पुढील आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून दिले आहेत. प्रत्येकाने आपल्या भागातील चालू दर घालावेत.

समजा, त्याच मापाच्या नव्या ट्रॉलीचा दर २,००,००० रुपये आहे. जुन्या ट्रॉलीत १,६०० किलो लोखंड असून मोडीचा भाव किलोस ३० रुपये आहे. म्हणजे खालची सीमा ४८,००० रुपये झाली. त्याच वयाच्या, परंतु दुरुस्ती न लागणाऱ्या ट्रॉल्या आसपासच्या गावांत गेल्या काही महिन्यांत १,२०,००० रुपयांच्या सुमारास विकल्या गेल्या आहेत. तपासणीत निघालेला खर्च येणेप्रमाणे आहे : दोन टायर १६,००० रुपये, तळाचा पत्रा ९,००० रुपये, पाटे ४,००० रुपये, बेअरिंगे ३,००० रुपये, दिवे व पट्ट्या २,००० रुपये, हस्तांतरणाचा खर्च २,००० रुपये. एकूण ३६,००० रुपये. १,२०,००० मधून ही रक्कम वजा करता ८४,००० रुपये उरतात. ही या ट्रॉलीची रास्त किंमत होय.

विकणाऱ्याने १,१०,००० रुपये सांगितले असतील, तर नुसते "फार होतात" असे म्हणून भागत नाही. यादी त्याच्यापुढे ठेवावी आणि एकेका कलमावर बोलावे. त्याने एखादा टायर नुकताच बदलला असल्यास आणि पावती दाखविल्यास तेवढी रक्कम यादीतून कमी करावी. रास्त किंमत दोहोंकडून रास्त असावी लागते. गरजूच्या अडचणीचा फायदा घेऊन पाडलेला भाव गावात वैर ठेवून जातो.

बोलणी करताना

पहिली गोष्ट, वेळ निवडावी. ऊस गाळपाचा हंगाम साधारणपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो. त्याआधी वाहतुकीचे करार होतात, वाहतूकदारांच्या हाती उचल येते आणि ट्रॉलीस मागणी चढते. हंगाम संपल्यावर ट्रॉल्या मोकळ्या पडतात व विकणाऱ्यांस घाई असते. ज्यास शक्य आहे त्याने उन्हाळ्यात खरेदी करावी.

दुसरी गोष्ट, आपली कमाल रक्कम घरीच ठरवून कागदावर लिहावी आणि बोलण्याच्या भरात ती ओलांडू नये. वरील उदाहरणात ७५,००० रुपयांपासून आरंभ करून ८४,००० च्या आसपास थांबणे योग्य होईल.

तिसरी गोष्ट, मध्यस्थ असल्यास त्याची दलाली किती व ती कोणी द्यावयाची, हे आधीच ठरवावे. हप्त्याने पैसे द्यावयाचे असल्यास रोखीचा भाव व उधारीचा भाव वेगवेगळे विचारून त्यांतील फरक हे व्याज आहे, असे समजून हिशेब करावा.

चौथी गोष्ट, कागदपत्रे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. इसार दिल्यास पावती घ्यावी. तीत ट्रॉलीचा क्रमांक, ठरलेली किंमत, उरलेली रक्कम देण्याची तारीख आणि कागद न मिळाल्यास इसार परत करण्याची अट लिहावी. मोठी रक्कम बँकेमार्फत द्यावी व सौदापत्रावर दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात.

जुनी ट्रॉली घेण्यात कमीपणा नाही. पारखून घेतलेली जुनी वस्तू पुष्कळ वर्षे काम देते. मात्र घाईत दिलेले जादा वीस-पंचवीस हजार रुपये भरून काढण्यास लहान शेतकऱ्याला कधी कांद्याचे एक पीक, तर कधी उसाचा एक हंगाम लागतो. तपासणीस लागणारा एक दिवस आणि मिस्त्रीची मजुरी त्यामानाने अल्प आहे. शेतकरी बंधूंनी मोजपट्टी, वजनकाटा व नोंदणी पुस्तक या तिन्हींची साक्ष घेऊन मगच सौद्याचा शब्द द्यावा.