मुठेकाठची रविवारची माणसं

पुण्यात विठ्ठलवाडीच्या घाटाजवळ मुठा नदीच्या काठी रविवारी सकाळी काही माणसं जमतात. हातात मोजे, सोबत पोती. देवाला वाहिलेलं निर्माल्य, प्लास्टिक, जुने कपडे काठावरून गोळा होतात. ही 'जीवितनदी' संस्थेची माणसं. नदीचा एकेक टप्पा 'दत्तक' घ्यायचा, ही त्यांची पद्धत. औंधला राम नदी मुळेला मिळते, तिथेही असाच गट काम करतो.

पण कचरा उचलणं हे त्यांचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं आपल्या न्हाणीघरात आहे. शाम्पू, टूथपेस्ट, कपड्यांची पावडर यांतली रसायनं मोरीतून शेवटी नदीतच जातात; म्हणून रिठा-शिकेकाईकडे वळा, असं हे कार्यकर्ते घरोघरी सांगतात. नदीचा प्रश्न घरात आणून ठेवणारा हा विचार फार मोलाचा आहे.

कधी रस्त्यावरही उतरावं लागतं. महापालिकेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पात झाडं जाणार म्हणून २९ एप्रिल २०२३ ला हजारो पुणेकरांनी 'चिपको' मोर्चा काढला. आजोबा-नातवंडं बरोबर चालली, झाडांना मिठी मारली. त्याच महिन्यात शहरातल्या वेताळ टेकडीसाठीही लोक एकवटले होते. टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती-पौड फाटा रस्त्याला त्यांचा विरोध होता. पावसाचं पाणी मुरवणारी ही टेकडी शहराच्या भूजलात भर घालते.

झाडं वाचवायला कायदाही हाताशी आहे. १९७५ च्या राज्य वृक्ष कायद्यानुसार झाड तोडण्याआधी जाहीर नोटीस लागते आणि नागरिकांना हरकत नोंदवता येते. खोडावर चिकटवलेला नोटिशीचा कागद थांबून वाचणारी माणसं पुण्यात आहेत.