जाळीची दुर्बीण

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावहून खोडदकडे वळलं, की द्राक्षबागांच्या मागून अवाढव्य तबकड्या डोकं काढू लागतात. एकेकीचा व्यास 45 मीटर. अशा एकूण 30. त्यांतल्या 14 साधारण चौरस किलोमीटरभर जागेत आहेत, बाकीच्या 16 तीन दिशांना आसपासच्या गावांच्या शिवारांत विखुरलेल्या. टोकाच्या तबकड्यांमधलं अंतर 25 किलोमीटरच्या आसपास भरतं. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची ही ‘जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप’, म्हणजेच जीएमआरटी. आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी तबकड्या झेलतात, ऑप्टिकल फायबरमधून संकेत मध्यवर्ती इमारतीत येतात आणि तिथे ते एकत्र जुळवले की सगळ्या मिळून एकाच प्रचंड दुर्बिणीसारखं काम करतात.

जवळ जाऊन वर पाहिलं, तर तबकडीतून आरपार आभाळ दिसतं. भरीव पत्रा कुठेच नाही. स्टेनलेस स्टीलच्या तारेची जाळी, आणि तारेची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर! या यंत्राचं सगळं मर्म त्या जाळीत आहे.

एवढी मोठी तबकडी उभारताना खरा प्रश्न वाऱ्याचा असतो. भरीव पृष्ठभाग शिडासारखा वारा धरतो. त्याला पेलायचं तर सांगाडा जाड, मोटारी दांडग्या, पाया खोल, आणि खर्च आवाक्याबाहेर. पण इथे टिपायच्या लहरी लांब आहेत. हायड्रोजनच्या अणूकडून येणारी लहर 21 सेंटिमीटरची, इतर बहुतेक त्याहूनही लांब. एक-दोन सेंटिमीटरची भोकं अशा लहरींना जाणवतच नाहीत. त्यांच्या लेखी जाळी म्हणजे भरीव आरसाच, वारा मात्र तिच्यातून निघून जातो. म्हणून नळ्यांच्या 16 कमानी उभ्या केल्या, त्यांच्यामध्ये स्टीलचे दोर ताणले आणि दोरांना जाळी ओढून बांधली. दोरांचा ताण कमी-जास्त करून तिला हवा तो बाक आणला. पोलाद वाचलं, म्हणूनच 30 तबकड्या परवडल्या.

ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. तोवर त्यांनी दोन दुर्बिणी उभारल्या होत्या. 1960च्या दशकात ऑस्ट्रेलियाकडून मिळालेल्या 32 छोट्या तबकड्या त्यांनी कल्याणजवळ मांडून सूर्याचा वेध घेतला. मग उटीला 530 मीटर लांबीची दुर्बीण बांधली, तीही मुद्दाम 11 अंश उताराच्या डोंगरावर. उटीचा अक्षांशही तेवढाच असल्यामुळे तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर झाला आणि एकाच अक्षावर फिरवून ताऱ्यांचा माग काढता येऊ लागला. डोंगराचा उतारच यंत्राचा भाग करून टाकणारा हा माणूस जाळीपाशी पोचला, यात नवल नाही.

खोडदची निवडही विचारपूर्वक झाली. मोठ्या शहरांपासून दूर, भोवती डोंगरांचा आडोसा, आणि पुणे तरी हाताशी. आता मात्र मोबाइल टॉवर आणि विजेच्या तारांवरच्या ठिणग्या यांच्या गोंगाटाशी अभियंत्यांना रोज झुंजावं लागतं. आकाशातला संकेत इतका क्षीण असतो, की साधी ठिणगीही त्याला झाकून टाकते.

19 ऑक्टोबर 2016 रोजी मंगळावर उतरणाऱ्या युरोपच्या ‘स्कियापरेली’ यानाचा मंद संकेत इथेच टिपला गेला. यान कोसळलं, पण त्याआधीच्या उतरणीची नोंद खोडदने ठेवली. त्या दशकात दुर्बिणीचं नूतनीकरण झालं आणि एका वेळी टिपता येणारा पट्टा 32 मेगाहर्ट्‌झवरून 400 मेगाहर्ट्‌झपर्यंत रुंदावला. 2023 साली अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे जगभरच्या गटांनी मांडले, त्यात पल्सार ताऱ्यांच्या इथल्या नोंदीही होत्या. नूतनीकरणात ग्राहक यंत्रणा नवी आली, संकेत जुळवणारी यंत्रणाही नवी आली. कमानी आणि दोरांची रचना बदलावी लागली नाही.