परिचालन प्रणाली, मुक्तस्रोत

संगणकाची स्मृती, चकती, पडदा, कळफलक, मुद्रक इ. भागांवर नियंत्रण ठेवून इतर सर्व आज्ञावलींना त्यांचा उपयोग करू देणाऱ्या मूलभूत आज्ञावली-समूहास परिचालन प्रणाली म्हणतात. तिचा मूळ आज्ञा-संहितापाठ कोणासही वाचता, बदलता व पुन्हा वाटता येत असेल, तर ती मुक्तस्रोत ठरते. विनामूल्य असणे हे तिचे गौण लक्षण होय. परवान्याने मिळणारे स्वातंत्र्य हे मुख्य लक्षण आहे. घरात, शाळेत किंवा कचेरीत बाजूला पडलेला जुना संगणक पुन्हा वापरात आणण्याचा प्रश्न येतो, तेव्हा या स्वातंत्र्याचे व्यावहारिक मोल कळते. (⟶ संगणक).

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. फिनलंडमधील हेलसिंकी येथे विद्यार्थी असलेल्या लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स हा प्रणालीचा गाभा प्रसिद्ध केला. या दोहोंच्या संयोगातून पूर्ण प्रणाली तयार झाली. गाभा, नित्योपयोगी आज्ञावली व पडद्यावरील मांडणी एकत्र बांधून जे संच वाटले जातात त्यांना वितरणे म्हणतात. डेबियन (१९९३), तिच्यावर आधारलेली उबुंटू (२००४) आणि उबुंटूवर आधारलेली लिनक्स मिंट (२००६) ही त्यांपैकी प्रमुख वितरणे आहेत.

भारतीय भाषांच्या दृष्टीने महाराष्ट्रात झालेले काम उल्लेखनीय आहे. मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने (पुढे सी-डॅकमध्ये विलीन) इंडिक्स प्रकल्पाद्वारे लिनक्सवर भारतीय लिप्या आणण्याचे आरंभीचे प्रयत्न केले. रेड हॅट कंपनीच्या पुणे येथील शाखेतून मराठीकरणाचे व लोहित टंकांचे काम झाले. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये डेबियनवर आधारित ‘बॉस’ ही प्रणाली प्रसृत केली. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्स व लिबरऑफिसचे पाठ मराठीतूनही उपलब्ध आहेत. नवशिक्यास घरबसल्या मिळणारा हा बहुधा सर्वांत भरवशाचा शिक्षक होय.

*निवडीची पार्श्वभूमी* : विंडोज १० या प्रणालीस मिळणारी नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तिच्या पुढील विंडोज ११ या आवृत्तीस टीपीएम २.० हा सुरक्षा-घटक व तुलनेने नवा प्रक्रियक लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील असंख्य यंत्रे अधिकृत रीत्या अपात्र ठरली. रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील महाड व पोलादपूर या तालुक्यांत हा प्रश्न विशेष जाणवण्याजोगा आहे. येथील अनेक कुटुंबांतील माणसे मुंबईस नोकरीधंद्यानिमित्त राहतात. तेथे नवा संगणक आला की जुना गावी पाठविणे स्वाभाविकच ठरते. घाटपायथ्याच्या वाड्यांत मात्र पावसाळ्यात वीज वारंवार जाते आणि महाजालाची जोडणी बहुधा भ्रमणध्वनीवरच अवलंबून असते. शहरी वापरकर्त्यासाठी लिहिलेला सल्ला येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

*निकष* : पहिला प्रश्न यंत्राच्या कुवतीचा. प्रक्रियक ६४-बिट असून स्मृती ४ गिगॅबाइट असल्यास लिनक्स मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती नवशिक्यास सर्वांत सोयीची ठरते. तळाशी पट्टी व कोपऱ्यात सूची अशी तिची मांडणी विंडोजच्या सवयीशी जुळते. २ गिगॅबाइट स्मृतीवर लुबुंटू चालते. परंतु आधुनिक संकेतस्थळे उघडताना यंत्र अडखळते, हे आधीच जाणून असावे. अशा वेळी प्रणालींची तुलना करीत बसण्यापेक्षा स्मृती वाढविणे व फिरत्या चकतीऐवजी एसएसडी बसविणे अधिक गुणकारी असते. केवळ ३२-बिट असलेल्या यंत्रांसाठी वाट अरुंद झाली आहे. उबुंटू व मिंट यांनी अशा यंत्रांसाठीच्या आवृत्त्या बंद केल्या असून २०२३ ची डेबियन १२ ही त्यांवर नव्याने बसविता येणारी शेवटची डेबियन आवृत्ती होय.

दुसरा निकष आधाराच्या मुदतीचा. २०२४ मध्ये आलेल्या मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळणार आहेत. लुबुंटू व झुबुंटू यांच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्यांना मात्र ३ वर्षेच आधार असतो. जेथे नवी प्रणाली उतरवून घेणे म्हणजे भ्रमणध्वनीवरून सु. ३ गिगॅबाइट मजकूर ओढणे, तेथे हा फरक लहान नाही. प्रतिमा-फाइल महाडसारख्या चांगली जोडणी असलेल्या ठिकाणी उतरवून पेनड्राइव्हवर नेणे श्रेयस्कर.

विजेच्या लपंडावाबाबत लिनक्सची ईएक्सटी४ ही फाइल-रचना उपयुक्त आहे. ती चकतीवरील बदलांची आगाऊ नोंद ठेवते. त्यामुळे अचानक वीज गेल्यास रचना सहसा सुसंगत राहते. न जतन केलेला मजकूर अर्थातच जातो.

*मराठीचा प्रश्न* : येथे निवड खऱ्या अर्थाने कसास लागते. युनिकोड देवनागरी सर्व प्रमुख वितरणांत दिसते व इनस्क्रिप्ट कळफलक रचना-सूचीतून जोडता येतो. ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद राखणारा अर्धा ‘ऱ’ त्यात शिफ्टसह इंग्रजी जे ही कळ दाबून, पुढे हलन्त देऊन उमटतो. मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ हवे असल्यास तशी सोय असलेला टंक निवडून मजकुराची भाषा मराठी ठेवावी लागते. एरवी हिंदी वळणाची अक्षरे दिसतात. खरी अडचण जुन्या दस्तऐवजांची आहे. युनिकोडपूर्व काळातील श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी इ. टंकांतील मजकूर तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांची रांग भासतो. पतपेढीचे अहवाल किंवा ग्रामपंचायतीची जुनी पत्रे अशा टंकांत असल्यास ती आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावी आणि मगच जुनी प्रणाली काढावी. हा क्रम उलटल्यास पुढे फार त्रास होतो.

मुद्रकाची परीक्षाही आधीच करावी. एचपीचे बहुतेक मुद्रक विनासायास चालतात. भारतीय कचेऱ्यांत सर्वत्र दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र स्वतंत्र चालक-आज्ञावली मागतो आणि नवशिक्यास नमवितो.

*प्रत्यक्ष पद्धती* : बहुतेक वितरणे पेनड्राइव्हवरून, चकतीस हात न लावता चालवून पाहता येतात. या अवस्थेत बिनतारी जोडणी, आवाज, मुद्रक व मराठी टंकलेखन तपासावे. काही ब्रॉडकॉम बिनतारी पत्त्यांना वेगळा चालक लागतो. तो उतरविण्यासाठी भ्रमणध्वनी यूएसबी तारेने जोडल्यास काम भागते. समाधान झाल्यावरच प्रणाली कायम बसवावी. ‘संपूर्ण चकती पुसा’ हा पर्याय निवडताच पूर्वीचा सर्व मजकूर नाहीसा होतो. म्हणून छायाचित्रे, दाखले व हिशेब यांची प्रत दुसऱ्या चकतीवर काढून ती अन्य ठिकाणी ठेवणे अत्यावश्यक आहे. २२ जुलै २०२१ च्या महापुरात सावित्री व गांधारी या नद्यांचे पाणी महाड शहरात शिरले. यंत्र आणि त्याची प्रत एकाच कपाटात ठेवण्यातील धोका महाडच्या रहिवाशांस निराळा सांगण्याची गरज नाही.

*मर्यादा* : केवळ विंडोजसाठी लिहिलेल्या हिशेबाच्या आज्ञावली, काही शासकीय कामांसाठी लागणारी अंकीय स्वाक्षरीची साधने व बोटाच्या ठशांची यंत्रे लिनक्सवर चालतीलच असे नाही. अशी कामे असलेल्या कचेरीने मुख्य संगणक तसाच ठेवून जुन्या यंत्रावरच हा प्रयोग करावा. पत्रलेखन, पाठ्यवस्तू पाहणे, अर्ज भरणे व मुलांचा अभ्यास एवढीच अपेक्षा असेल, तर अशी अडचण क्वचितच येते. (⟶ युनिकोड, संगणक आज्ञावली).