कुंडीतील नागवेलीची उतरण

कन्नड तालुक्यातील पिशोरच्या शिवाराची ओळख कापूस, मका व आले ह्या पिकांनी होते. पानमळे म्हटले की सांगली जिल्ह्यातील मिरज तालुका किंवा नागपूर जिल्ह्यातील रामटेक ह्यांचीच नावे पुढे येतात. तरीही ह्या भागात घराच्या पडवीत, न्हाणीच्या आडोशाला किंवा ओसरीच्या खांबाशी एखाद्या कुंडीत नागवेल लावण्याची हौस अनेकांना असते. पूजेला, सुपारी फोडण्याच्या विधीला आणि जेवणानंतरच्या विड्याला घरचे पान मिळावे, एवढीच त्यामागील अपेक्षा होय. अशा कुंडीतील वेल दोन-तीन वर्षे चांगली वाढते. पुढे पाने लहान पडू लागतात, आणि घरातील कोणी तरी ती मोठ्या कुंडीत हलविते. त्यानंतर महिन्याभरात वेल मान टाकते. वास्तविक कुंडी बदलणे हे वेलीला नवे आयुष्य देणारे काम आहे. मात्र ते वेळ पाहून व रीतीने केले पाहिजे.

बी नसलेली वेल

नागवेल ही मिरी व पिंपळी ह्यांच्या कुळातील वनस्पती असून तिचे मूळ स्थान मलायाकडील उष्ण व दमट प्रदेशात आहे. तिच्यात नर व मादी वेली वेगवेगळ्या असतात. आपल्याकडे तिची लागवड बियांपासून होत नाही. वेलीचे तुकडे, म्हणजे बेणे, लावूनच ती वाढविली जाते. माहेराहून किंवा शेजारघरून आणलेली वेल ही त्या घरच्या मूळ वेलीचाच एक भाग असते. ती मेली तर पेरण्यास बी शिल्लक राहात नाही, आणि मूळ वेलही नाहीशी झाली असेल तर त्या पानाची चव व जात त्या घरापुरती संपते. म्हणून कुंडी बदलताना घाई करू नये.

वेल कुंडी बदलण्यास केव्हा येते?

कुंडीच्या तळच्या छिद्रातून मुळे बाहेर डोकावणे, घातलेले पाणी मातीत न मुरता कडेने सरळ वाहून जाणे, आणि चांगल्या दिवसांतही नवी पाने लहान निघणे ही कुंडी अपुरी झाल्याची लक्षणे होत. अशा कुंडीत मुळे भिंतीला वळसे घालीत राहतात व जुनी माती बसून घट्ट होते. विंधण विहिरीचे क्षारयुक्त पाणी वापरात असल्यास कुंडीच्या काठावर पांढरा थरही दिसतो.

परंतु माती सतत ओली असून पाने पिवळी पडत असतील, तर कुंडी लहान झाली असे समजू नये. ते मुळे कुजल्याचे लक्षण असते. अशा वेलीला मोठी कुंडी देणे म्हणजे बुडत्याच्या गळ्यात धोंडा बांधणे होय. तिला नवी, मोकळी माती द्यावी. कुंडी मात्र पूर्वीच्याच मापाची किंवा त्याहून लहान असावी.

पिशोर भागात ह्या कामास आर्द्रा व पुनर्वसू ही नक्षत्रे, म्हणजे जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंतचा काळ, उत्तम असतो. हवेत ओलावा असल्याने दुखावलेली मुळे लवकर सावरतात. एप्रिल-मे महिन्यांतील उष्ण वाऱ्यात आणि डिसेंबर-जानेवारीतील थंडीत निरोगी वेलीला हात लावू नये. सडणाऱ्या वेलीला मात्र मुहूर्त पाहात बसता येत नाही.

आधी बेणे, मग कुंडी

कुंडी हलविण्यापूर्वी सुमारे महिनाभर अगोदर त्याच वेलीचे दोन-तीन तुकडे लावून ठेवावेत. ज्या फांदीच्या पेऱ्यांवर आधाराला चिकटणारी मुळे आलेली असतात, तीच बेण्याला घ्यावी. प्रत्येक तुकड्यावर चार-पाच पेरी ठेवून त्यांपैकी दोन पेरी मातीत जातील अशा बेताने ते लहान कुंडीत लावावेत व सावलीत ठेवावेत. नवा फुटवा दिसला की बेणे जगले असे समजावे. मूळ वेलीला काही अपाय झाला तरी घरची जात हातातून जात नाही.

मातीचे मिश्रण

ह्या भागातील काळी माती कापसाला मानवते. कुंडीतील वेलीला ती एकटी मानवत नाही. ओली झाली की ती फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. कुंडीच्या लहानशा जागेत ह्या ताणाने कोवळी मुळे तुटतात, आणि फुगलेल्या मातीत हवा खेळत नाही. आल्याच्या पिकात पाणी तुंबले की कंदकूज येते, हे पिशोरच्या शेतकऱ्यास सांगावयास नको. त्याकरिताच तो आले गादीवाफ्यावर लावतो. नागवेलीचेही तसेच आहे. तिला ओलावा हवा, पण साचलेले पाणी नको. पाणी साचलेल्या मातीत फायटोफ्थोरा ह्या रोगकारक जिवामुळे मूळकूज व मर बळावते.

दोन भाग पोयट्याची किंवा लाल माती, एक भाग पूर्ण कुजलेले व चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग नदीची जाड वाळू असे मिश्रण करावे. त्यात मूठभर निंबोळी पेंड मिसळावी. ताजे शेण कदापि वापरू नये. ते कुजताना निर्माण होणारी उष्णता मुळांना मारक ठरते. मिश्रण किंचित ओलवून मुठीत दाबून पाहावे. मूठ उघडल्यावर गोळा राहिला आणि बोटाने टोचताच तो फुटला, तर मिश्रण साधले. गोळा चिकट राहिल्यास आणखी वाळू मिसळावी.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर देण्याची रीत सर्वत्र आढळते. तिने पाण्याचा निचरा सुधारत नाही. थराच्या वरील मातीत पाणी अडून राहते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. छिद्रावर खापराचा एक तुकडा पालथा ठेवणे पुरेसे आहे.

प्रत्यक्ष कृती

नवी कुंडी जुन्या कुंडीपेक्षा सुमारे 5 सेंटिमीटरच रुंद असावी. 20 सेंटिमीटरच्या कुंडीतील वेल एकदम 40 सेंटिमीटरच्या कुंडीत लावल्यास मुळे न पोहोचलेल्या मातीत पाणी दीर्घकाळ राहते आणि तेथूनच कूज सुरू होते. मातीची कुंडी पसंत करावी. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. कोरी कुंडी वापरण्यापूर्वी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावी.

आदल्या दिवशी जुन्या कुंडीस पाणी द्यावे. वेल आधारावरून हळूहळू सोडवून सैल वेटोळे करावे. कुंडी आडवी करून कडेला तळहाताने ठोके द्यावेत, म्हणजे मातीचा गड्डा सुटतो. वेल धरून ओढू नये. गड्ड्याभोवती वळसे घातलेली मुळे बोटांनी मोकळी करावीत. निरोगी मुळे फिकट व टणक असतात. काळपट, मऊ व दुर्गंधी येणारी मुळे स्वच्छ सुरीने कापून टाकावीत.

यापुढील भाग पानमळेवाल्यांकडून शिकण्यासारखा आहे. पानमळ्यात वेल आधाराच्या शेंड्याजवळ पोहोचली की ती खाली उतरवून तिचा पाने खुडलेला बुडखा वळसे देऊन मातीत गाडतात. ह्यास उतरण म्हणतात. गाडलेल्या प्रत्येक पेऱ्याला नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. कुंडीतही हेच करावयाचे आहे. बुडाकडील पाने नसलेली दोन-तीन निरोगी पेरी गड्ड्याभोवती वळवून ठेवावीत व त्यांवर दोन बोटे जाडीचा मिश्रणाचा थर द्यावा. ह्या बुडख्याचा भाग कुजका असल्यास तो गाडू नये, कापून टाकावा. शेंड्याकडील कोवळा भाग मातीबाहेर राहिला पाहिजे.

आधाराची काठी माती भरण्यापूर्वीच उभी करावी. नंतर खुपसल्यास मुळे तुटतात. गुळगुळीत नळी किंवा उन्हात तापणारी लोखंडी सळई नको. खरबरीत बांबूस काथ्याची दोरी गुंडाळून तो आधार ओलसर ठेवल्यास पेऱ्यांची मुळे त्यास चटकन धरतात. वेल केळीच्या सोपटाने किंवा सुतळीने सैल बांधावी. पाण्यासाठी कुंडीचा काठ दोन-तीन सेंटिमीटर रिकामा ठेवावा.

नंतरची निगा

लागलीच तळातून पाणी बाहेर येईपर्यंत पाणी द्यावे आणि कुंडी आठ-दहा दिवस सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला ठेवावी. पुढे रोजच्या सवयीने पाणी न देता बोटाचे एक पेर मातीत घालून पाहावे. तेवढी माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. झडीच्या दिवसांत कुंडी वळचणीच्या धारेखाली राहू देऊ नये. पानांवर पाणी शिंपडावयाचे ते सकाळी. महिनाभर कोणतेही खत देऊ नये, कारण जखमी मुळे ते घेऊ शकत नाहीत. घरी खावयाच्या पानांवर कीटकनाशक फवारू नये. मावा वा पिठ्या ढेकूण दिसल्यास तो ओल्या फडक्याने पुसून काढावा. पहिली दोन-चार पाने पिवळी होऊन गळाली तर घाबरू नये व भरमसाट पाणीही देऊ नये. शेंडा हिरवा असेपर्यंत वेल जिवंत आहे.

घरोघरी दिसणाऱ्या मनी प्लांटची कुंडीही ह्याच रीतीने बदलता येते. मात्र तो अळू-सुरणाच्या कुळातील असून त्याच्या पानांत तोंडाला व घशाला दाह करणारे सूक्ष्म स्फटिक असतात. नागवेलीच्या पानाशी त्याच्या कोवळ्या पानाचे साम्य असल्याने दोन्ही वेली एकाच ठिकाणी चढवू नयेत, आणि त्याची छाटणी शेळ्यांपुढे टाकू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळ्याच्या आरंभी शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात एका कुंडीवर ही कृती करून दाखवावी. खर्च एका कुंडीचा व टोपलीभर मिश्रणाचा आहे. ज्या घरी वेल जगली, त्या घराने तिचे दोन तुकडे शेजारी लावून द्यावेत. एका अंगणातील वेल गेली तरी दुसऱ्या अंगणातून तीच वेल परत आणता येते.