मुंबई, बंगळूर, धारवाड : सीमाभागाचे हायकोर्ट

मुंबई हायकोर्ट १८६२ साली सुरू झाले. तेव्हापासून १९५६पर्यंत बेळगाव जिल्ह्यातली अपिले तिथेच जात. वतन, इनाम, दत्तकविधान हे त्यातले नेहमीचे कज्जे. ते कायद्याच्या विद्यार्थ्यांनी चाळावेत.

या पर्वातला दागिना १९१६चा. एप्रिलच्या अखेरीस बेळगावात मुंबई प्रांतिक परिषद भरली, होमरूल लीगची स्थापनाही तिथेच झाली आणि १ मे रोजी लोकमान्य टिळकांचे स्वराज्यावर मराठीत भाषण झाले. त्यानंतर अहमदनगरला दोन भाषणे झाली. या तिन्हींवर बोट ठेवून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने टिळकांकडून वीस हजारांचा मुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात टिळकांचे वकील होते जिना. न्या. बॅचलर आणि न्या. लल्लूभाई शहा यांनी नोव्हेंबरमध्ये तो हुकूम रद्द केला. वक्त्याचे एखादे झोंबणारे वाक्य वेचून काढायचे नाही, भाषण सलग आणि मोकळ्या मनाने वाचायचे, ही त्यांची कसोटी. आठच वर्षांपूर्वी याच हायकोर्टात न्या. दावर यांनी टिळकांना सहा वर्षांची शिक्षा ठोठावली होती. काही लेखक १९१६चा हा निकाल सरसकट पुण्याच्या खात्यावर जमा करतात. हुकूम पुण्याचा होता हे खरे, पण खटल्यातले पहिले भाषण बेळगावचे होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायद्याने ‘चंदगड तालुका वगळून’ बेळगाव जिल्हा म्हैसूर (पुढचे कर्नाटक) राज्यात घातला. एका रात्रीत पक्षकारांचे हायकोर्ट मुंबईहून बंगळूरच्या लाल अठरा कचेरीत गेले. मुंबई राज्याचे कायदे मात्र जिल्ह्यात पुढे कित्येक वर्षे लागू होते. १९५९ साली बाबूलाल पराते खटल्यात सुप्रीम कोर्टाने राज्यांच्या सीमा बदलण्यासंबंधीच्या अनुच्छेद ३चा अर्थ लावला : विधेयकावर राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवायचे, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. सीमावादावरचा १९६७चा महाजन अहवाल माजी सरन्यायाधीशांचा असला तरी तो कोर्टाचा निकाल नव्हे. त्यात निपाणी महाराष्ट्राला देण्याची आणि बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवण्याची शिफारस होती. महाराष्ट्राने अहवाल नाकारला.

सीमाभागाच्या पदरात कोर्टाने खरोखर काही टाकले ते शाळेच्या प्रश्नात. गोकाक समितीच्या शिफारशींनंतर १९८२ साली माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव पहिली भाषा करण्याचा आदेश निघाला. भाषिक अल्पसंख्याकांच्या याचिकेवर कर्नाटक हायकोर्टाच्या पूर्णपीठाने १९८९ साली ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. प्राथमिक शाळेतल्या माध्यमाचा वाद पुढे चालूच राहिला. अखेर ६ मे २०१४ रोजी सरन्यायाधीश लोढा यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने सांगितले की मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवतील आणि सरकारला माध्यम लादता येणार नाही. खटला इंग्रजी शाळांच्या चालकांनी लढवला होता, पण त्यातले तत्त्व खानापूरच्या मराठी शाळेलाही तितकेच लागू पडते. सभांतून या दोन्ही निकालांचा उल्लेख क्वचितच होतो. निवडीचा हक्क मिळाला आणि मराठी घरांतल्या कितीतरी पालकांनी तो इंग्रजी माध्यमासाठी वापरला, ही शोकांतिका मात्र कोर्टाने घडवलेली नाही.

व्यासपीठांवर गाजतो तो २००४चा दावा. अनुच्छेद १३१खाली महाराष्ट्राने थेट सुप्रीम कोर्टात ८६५ गावे मागितली. सीमा ठरवणे हे संसदेचे काम, असा कर्नाटकाचा आक्षेप. २०१४ साली साक्षीपुराव्यासाठी निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांना नेमले गेले. त्यानंतर तारखांवर तारखा. सगळी भिस्त या एकाच दाव्यावर ठेवणाऱ्यांनी पराते निकाल एकदा तरी मुळातून वाचायला हवा.

बंगळूरची पायपीट ४ जुलै २००८ रोजी कमी झाली. त्या दिवशी धारवाडला फिरते खंडपीठ बसले आणि २०१३ साली ते कायम झाले. २०१४च्या जुलैत कर्नाटक हायकोर्टाच्या आदेशावरून बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या वेशीवरचा ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेला फलक काढला गेला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभारला, प्रशासनाने तो परत पाडला आणि पोलिसांच्या लाठ्या घराघरांत पोचल्या. फलकाचा निकाल लागला. लाठ्यांचा प्रश्न वेगळाच होता.

ऑगस्ट २०२५पासून मुंबई हायकोर्टाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात बसते. निपाणीहून ते चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि चंदगडची प्रकरणे आता तिथे चालतात. निपाणीच्या पक्षकाराला मात्र बेळगाव ओलांडून धारवाडच गाठावे लागते.